थापांच्या वहीतलं पहिलं नाव

थापांच्या वहीच्या पहिल्या पानावर, पहिल्याच ओळीत उसवणीचं नाव होतं. अठ्ठावीस वर्षं होतं. निळी शाई करडी पडली, वहीचा पुठ्ठा दोनदा बदलला, खाली आणखी एकोणीस थापाड्यांची भर पडली आणि त्यातले चारजण वर पोचलेसुद्धा. पण पहिला मान हिचाच. ‘न पाहिलेला प्रसंग पाहिला म्हणून सांगितला.’ खाली मंडळाच्या अध्यक्षांची सही. अध्यक्ष म्हणजे कुणी परका नव्हे, तिचा सख्खा थोरला भाऊ.

उसवणी हे तिचं धंद्यावरून पडलेलं नाव. कपडे घट्ट-सैल करून द्यायचं दुकान होतं तिचं. दोन मशिनी आणि एक इस्त्री, एवढाच पसारा. आजकाल नवं शिवून घेतो कोण? लोक आणतात ते पोटावर न बसणारं, बाहीत लोंबणारं, नाहीतर मेलेल्या बापाचा कोट, पोराच्या मापाचा करून द्या म्हणून. असलं काम करायचं तर आधी उसवावं लागतं, आणि उसवायचं तर आधीच्याने शिवण कुठे लपवलीय ते दिसावं लागतं. तिला ते दिसायचं. मंडळातही कुणी एखाद्या सिनेमाची तोंड फाटेस्तोवर तारीफ केली की ही नेमकं एक टोक पकडून ओढायची, आणि त्याचं सगळं म्हणणं सुटून त्याच्याच मांडीवर पडायचं. म्हणून उसवणी. त्या नावाबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार होती ती वहीतल्या नावाबद्दल.

मंडळ म्हणजे सिनेमावेड्या दहा-बारा माणसांचं. बंद पडलेल्या थिएटरचा खालचा भाग एका फर्निचरवाल्याने गोदामासाठी घेतला होता. पडद्यासमोर त्याने प्लास्टिकात गुंडाळलेल्या गाद्या उभ्या केल्या होत्या, त्यामुळे सिनेमा लावला की सगळ्या नटनट्यांचे पाय गाद्यांमागे गायब व्हायचे. पण बाल्कनी आणि मशीनची केबिन तो दर रविवारी सकाळी दहा ते एक मोकळी सोडायचा. कारण थिएटरचे जुने मॅनेजर, म्हणजे हिचे दादा, त्याच्या ओळखीतले. दादांचं सगळीकडे असंच. ओळख यांची आणि उपकार इतरांवर.

मंडळाचे नियम दोनच. दादांनी ते स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून भिंतीवर लावले होते. पहिला नियम: ज्याला एखाद्या सिनेमाची बाजू मांडायची असेल त्याने लाल खुर्चीत बसायचं. ही बाल्कनीतलीच एक जुनी खुर्ची, स्प्रिंग बाहेर आलेली. तिच्यात बसलेला माणूस आपणहून उठेपर्यंत त्याच्यामधे बोलायचं नाही, दुसरा विषय काढायचा नाही, सभा संपवायची नाही. तो उठला की मग खुशाल तुटून पडा. दुसरा नियम: पाहिलेलंच बोलायचं. पदरचं घालून सांगेल त्याचं नाव वहीत.

एवढ्याशा वहीचं काय मनाला लावून घ्यायचं, असं कुणाला वाटेल. वाटू दे. ज्याचं नाव त्यात नाही त्याला वाटणारच. अहो, ती वही काय बाल्कनीतच राहते? ती माणसाबरोबर घरी येते. आई गेली तेव्हा शेवटच्या रात्री जवळ उसवणीच होती. आई शुद्धीवर आली, हिचा हात धरून म्हणाली, “तुझं खूप चुकवलं गं आम्ही.” हे तिने भावाला सांगितलं, तर दादा चष्मा पुसत म्हणाले, “बेबी, तू पाहिलेलं आणि तुला वाटलेलं, यात फरक असतो. मंडळात सगळ्यांना माहितीय.” झालं. आईचं शेवटचं वाक्यही थापांत जमा. त्या दिवसापासून तिला दुकानाला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायची सवय लागली. लावलं हे तिला माहीत असायचं. पण माहीत असणं आता पुरेसं वाटत नव्हतं.

त्या रविवारी वार्षिक निवड होती: सर्वोत्तम भयपट. जो निवडून येईल त्याचं नाव जिन्याच्या भिंतीवर रंगवायचं, असा रिवाज.

भुतोबा आधीच लाल खुर्चीत जाऊन बसला होता. भुतोबा म्हणजे कोपऱ्यावरचा औषधवाला. दिवसभर लोकांना झोपेच्या गोळ्या विकायचा आणि स्वतः भुताचे सिनेमे बघून जागा राहायचा.

“‘भाडेकरू नंबर नऊ’,” तो म्हणाला. “दुसरं नाव घेणाऱ्याने आधी माझ्याकडून ताकदीचं औषध घ्यावं. तो जिना आठवा. बाई खाली उतरतेय. पायऱ्या मोजतेय. आठ, नऊ, दहा. आणि दहाव्या पायरीनंतर मोजणारा आवाज तिचा राहत नाही! अजून काटा येतो, बघा, हा हात बघा.”

त्याने हात पुढे केला. मास्तरांनी वाकून पाहिला. मास्तर म्हणजे निवृत्त शाळामास्तर, वही सांभाळायचं काम त्यांच्याकडे. “काटा नाही, खरूज दिसतेय,” ते म्हणाले, आणि लगेच जीभ चावली, कारण खुर्चीतल्या माणसामधे बोलायचं नसतं.

“भीती म्हणजे काय?” भुतोबा बोलतच होता. “जे नाही ते दिसणं. दार आपोआप उघडणं. आरशात कुणीतरी जास्तीचं असणं. बाकी ती कौटुंबिक रडारड, ते जेवणाच्या टेबलावरचे टोमणे, ते बायकांच्या दुपारच्या खेळाचं सामान. माणसं सुनेला बोलतात, सून उशीत तोंड खुपसते, यात बघायचं काय? तेवढं तर घरी फुकटात मिळतं.”

सगळे हसले. दादा सगळ्यात जास्त, पोट धरून. भुतोबा विजयी मुद्रेने उठला.

उसवणी जाऊन बसली. स्प्रिंग टोचली. तिने दरवर्षीसारखंच नाव घेतलं. “‘सहा खुर्च्या’.”

“आलं!” कुणीतरी कपाळावर हात मारला.

“मधे बोलायचं नाही,” ती म्हणाली. “भुतोबा म्हणतो, भीती म्हणजे जे नाही ते दिसणं. चूक. भीती म्हणजे जे आहे ते चारजण मिळून नाही म्हणणं. ‘सहा खुर्च्या’ तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. आई, बाप, दोन मुलगे, एक मुलगी. सहावी खुर्ची धाकट्या भावाची, रिकामी. तो लहानपणी मागच्या दारातून बाहेर गेला आणि तळ्यात बुडाला. दार बहिणीने उघडं टाकलं, असं वीस वर्षं घर म्हणतंय. तिलाही तेच वाटतंय. आणि मग त्या रात्री जेवताना तिला आठवतं. ती स्वेटरची वरची बटणं काढते, गुदमरल्यासारखी. म्हणते, ‘दार मी उघडं टाकलं नव्हतं. बाबा, तुम्ही टाकलंत.’ बाप खातोय. आई म्हणते, ‘मीठ दे गं इकडे.’ ती मीठ देते आणि पुन्हा म्हणते. थोरला भाऊ म्हणतो, ‘हे नंतर बोलू, आधी जेव.’ कुणी रागावत नाही, कुणी ओरडत नाही. चमचे वाजतायत नुसते. मग ती उठते, जाऊन त्या सहाव्या खुर्चीत बसते, मेलेल्या पोराच्या, बापाच्या बरोबर समोर. आणि बापाच्या हातातला घास तसाच राहतो. साडेचार मिनिटं आहे तो सीन. तुमचे सगळे जिने आणि आरसे त्यावरून ओवाळून टाकावेत. मी घरी जाऊन चार दिवस जेवले नव्हते.”

ती उठली. एवढा वेळ दाबून ठेवलेलं हसू बाल्कनीभर फुटलं.

“अहो ताई,” मास्तर समजुतीने म्हणाले, “सिनेमा चांगलाच आहे. पण तुम्ही म्हणता ते त्यात नाहीच मुळी. मी रविवारी पाहिला होता. या बाकीच्यांनीही त्याच आठवड्यात पाहिला. ती मुलगी जेवताना गप्पच असते.”

“मी शुक्रवारी पाहिला. पहिल्या दिवशी, पहिला खेळ.”

“मग काय, शुक्रवारी नटी बोलली आणि रविवारी तिने मौन धरलं?” भुतोबा म्हणाला. “आम्ही भुतं बघतो म्हणून बदनाम. खरं भूत हिलाच दिसलं!”

हे सगळं आधीही होऊन गेलं होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, हे थिएटर चालू असताना, सिनेमा लागला त्याच आठवड्याच्या सभेत. तेव्हाही सगळे तिच्यावर तुटून पडले, आणि शेवटी कुणीतरी म्हणालं, साहेबांना विचारा, ते तर मॅनेजर, रोज चारही खेळ बघतात. दादा क्षणभर थांबले होते. मग म्हणाले होते, “मी रोज बघतोय. असा सीन नाही.” आणि सही केली होती. तिने नंतर शुक्रवारी आलेल्या बायका शोधून काढल्या होत्या. एकजण म्हणाली, “होतं बहुतेक.” मंडळाने ‘बहुतेक’ मान्य केलं नाही. तो सिनेमा पुन्हा कुठे लागला नाही, त्याची कॅसेट निघाली नाही, कंपनी बुडाली. मग पुरावा आणणार कुठून?

“आज निकाल लावूनच टाकू,” मास्तर म्हणाले. ते वहीखालून फिल्मच्या डब्यांची धुळीने माखलेली एक यादी काढत होते. “फर्निचरवाल्याने जिन्याखालची खोली रिकामी करायला सांगितलीय ना, तिथे डबे निघाले. ‘भाडेकरू’ आहे. आणि ‘सहा खुर्च्या’सुद्धा. अख्खी प्रिंट. परत पाठवायची राहून गेली असेल.”



“छे, छे,” दादा घाईने म्हणाले. “एवढी जुनी फिल्म मशीनमध्ये घालायची म्हणजे… तुटेल. आणि बेबीची उगाच शोभा कशाला? माझी बहीण आहे ती. मी म्हणतो, सोडून द्या.”

आपली बाजू घेतल्यासारखं करून माणूस किती खोल रुतवू शकतो, हे ज्याला सख्खा भाऊ आहे त्यालाच कळेल.

“लावा,” उसवणी म्हणाली.

वर केबिनमध्ये ऑपरेटर काका होते. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस. थिएटर बंद झालं तरी मशीनला तेल घालायला येत राहिलेला. सभेला तो कधी बसला नाही. मशीनशेजारी आयुष्य गेल्याने कानही अर्धे गेलेले, त्यामुळे खालची भांडणं त्याच्यापर्यंत पोचत नसत. मास्तरांनी दोन्ही सिनेमांचे डबे वर नेऊन ठेवले, जेवणाचा सीन लावा म्हणून ओरडून सांगितलं. काकांनी डब्यावरचं नाव वाचलं, मास्तरांकडे बघितलं, आणि काही न बोलता फिल्म मशीनमध्ये ओवली.

पडद्यावर टेबल आलं. गाद्यांनी खुर्च्यांचे पाय खाल्ले होते, पण माणसं दिसत होती. बाप, आई, दोन भाऊ. मुलगी. रिकामी खुर्ची. चमचे वाजत होते. मुलीने मान वर केली, तोंड उघडलं, उसवणी जागच्या जागी पुढे झुकली, आणि टक्‌ असा एक बारीक आवाज झाला. पडद्यावर आई भांडी विसळत होती. मुलगी दाराशी उभी होती. जेवण संपलं होतं.

बाल्कनीत असा हशा उठला की खाली प्लास्टिकवर धूळ उडाली असेल. भुतोबा तर खुर्चीच्या पाठीवर बुक्क्या मारत होता. “मीठ दे गं इकडे! मीठ दे गं!”

इथे एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही: त्या क्षणाला उसवणीलाही वाटलं की आपण थापाडे आहोत. अठ्ठावीस वर्षं एका चित्राला डोळ्यांत जपलं, आणि ते चित्र आपणच शिवलेलं निघालं. मग आई तरी काय बोलली होती? दुकानाला कुलूप तरी लावलंय का?

“जाऊ दे, बेबी,” दादांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “होतं असं. वयात येता-येता मुलींना काय काय वाटतं.”

“मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते, दादा,” ती म्हणाली. मग आवाज चढवून, “काका! तेवढंच पुन्हा लावा!”

“अजून किती?” भुतोबा म्हणाला.

दुसऱ्यांदा तिने मुलीचा चेहरा पाहिलाच नाही. तिने स्वेटर पाहिला. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की ती आधी तोंड बघत नाही, खांदा बघते, तसं. टेबलाशी बसलेल्या मुलीचा स्वेटर गळ्यापर्यंत लावलेला. सगळी बटणं. टक्‌. दाराशी उभी असलेली मुलगी. वरची दोन बटणं उघडी.

“थांबवा!” ती ओरडली. “बटणं! बटणं बघितली का? जेवताना लावलेली, भांड्यांच्या वेळी उघडी. मधे कुणी काढली? कुणी काढली, सांगा ना!”

“अगं सिनेमात होतात असल्या चुका,” दादा म्हणाले.

“चूक नाही ही. शिवण आहे. मी रोज खाते त्याचं.” ती जिन्याकडे निघालीसुद्धा होती. “मधलं कापड काढून दोन कडा जोडल्यात. आणि बरी जोडलीत, पण बटणं विसरले.”

ती केबिनमध्ये घुसली तेव्हा मागून सगळे आले, दादा सगळ्यांत मागे. काकांनी मशीन बंद केली होती. तिने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, “काका, हा सीन इथून कापलाय?”

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून दाराकडे, जिथे दादा उभे होते. या माणसाने तीस वर्षं त्या दाराकडे बघूनच काम केलं होतं.

“तिकडे बघू नका. माझ्याकडे बघा.”

“कापलाय,” काका म्हणाले. “मीच कापला. शनिवारी सकाळी. चारशे फूट.”



“का?”

“साहेब म्हणाले, काप. मी कापला. मला कोण विचारतं, का आणि कशाला?”

“वेळ बसत नव्हता,” दादा पुढे आले. आवाज अगदी नेहमीचा, मॅनेजरचा. “चार खेळ बसवायचे तर प्रत्येक थिएटरवाला थोडं इकडे-तिकडे करतो. यात काय एवढं? आणि मी खोटं कुठे बोललो? मला विचारलं तेव्हा तो सीन नव्हताच सिनेमात. ‘असा सीन नाही,’ म्हणालो. नव्हताच.”

बघा. चोर तो चोर, वर शिरजोर. अठ्ठावीस वर्षं बहिणीला थापाडी म्हणू दिलं, आणि हा माणूस अजून हिशोब करत होता की आपण वाक्य कसं बोललो.

“साडेचार मिनिटांनी चार खेळ बसतात होय?” मास्तर म्हणाले. आयुष्यभर पोरांची गणितं तपासली होती त्यांनी. “मध्यंतर पाच मिनिटं कमी केलं असतं तरी बसले असते.”

“वेळेचं कसलं,” काका म्हणाले. एकदा तोंड उघडलं होतं, आता मिटत नव्हतं. “तिघं आले होते सकाळी. गिऱ्हाइकं. म्हणाले, तो सीन काढा, नाहीतर आमच्या घरातलं कुणी तुमच्या थिएटरात पाऊल टाकणार नाही. बायकांनी रात्री घरी जाऊन तमाशे केले म्हणे. एक तर हे औषधवालेच होते.”

सगळ्यांच्या माना वळल्या. भुतोबाचा तो प्रसिद्ध काटा आता खरोखरच आला असावा.

“मी… मी नुसतं म्हणालो होतो…” त्याचा आवाज पायऱ्या उतरत गेला. “जेवताना, माझ्या आईसमोर, बायकोने जुनं काहीतरी काढलं. दुकानातलं. माझी चूक होती, ती मी तिच्यावर… म्हणजे तसं नाही…”

“म्हणजे तू शुक्रवारी ऐकलं होतंस तो सीन आहे म्हणून,” उसवणी म्हणाली. “बायकोकडून. आणि दर वर्षी इथे बसून ‘मीठ दे गं’ करत होतास.”

त्याने मान खाली घातली.

“तुकडा कुठेय, काका? टाकला?”

“फिल्म टाकतात का कुठे?” काकांना हा प्रश्न अपमानाचा वाटला. ते उठले, ‘भाडेकरू नंबर नऊ’चा एक डबा ओढून त्यांनी झाकण काढलं. “प्रत्येक रिळाच्या पुढे एक कोरी शेपटी लागते. मशीनमध्ये ओवायला. ती घासून-घासून फाटते. मग असली कापलेली फिल्म असली की बारा-पंधरा फुटांचे तुकडे करून लावायचे. दिवा झाकलेला असतो तेव्हा, पडद्यावर काही येत नाही.” त्यांनी रिळाचं टोक सोडवलं आणि केबिनच्या बल्बसमोर धरलं. “हे घ्या.”

नखाएवढ्या चौकटी. चरे पडलेले, कडा झिजलेल्या. तरी दिसत होतं. स्वेटरची बटणं सोडणारी बोटं. काकांनी दुसरा डबा उघडला. आई, हात मिठासाठी पुढे केलेला. तिसऱ्या डब्यात सहावी खुर्ची, आणि तिच्यात ती.

म्हणजे भुतोबाचं ते भूत जितक्या वेळा पडद्यावर आलं, तितक्या वेळा त्याच्या आधी, अंधारात, झाकलेल्या दिव्यासमोरून, ही मुलगी आपलं वाक्य बोलत गेली होती. कुणाला न दिसता, न ऐकू येता. लोक पुढच्या भुतासाठी श्वास रोखून बसलेले.

उसवणीने ती पट्टी बराच वेळ बोटांत धरून ठेवली. रडायला येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. संताप आला, आणि तो फार स्वच्छ होता, धुतलेल्या कापडासारखा.

“झालं तर मग,” दादा टाळी वाजवल्यासारखं करत म्हणाले. “सापडला सीन. मास्तर, हिचं नाव खोडून टाका वहीतलं. चहा सांगा कुणीतरी. बेबी, बाकीचं आपण घरी बोलू.”

ती खाली बाल्कनीत आली आणि लाल खुर्चीत बसली.

सगळे मागोमाग येऊन आपापल्या जागी बसले. दादा उभेच राहिले. “आता काय?”

“मी खुर्चीत आहे,” ती म्हणाली. “मधे बोलायचं नाही. नियम तुझ्या अक्षरात आहे, वाच. माझं नाव खोडायचं नाही. अठ्ठावीस वर्षं होतं ते होतं. त्याच्या खाली तू तुझ्या हाताने लिहायचंस, काय केलंस ते, आणि सही करायचीस. ते होईपर्यंत मी उठणार नाही. मी उठल्याशिवाय सभा संपत नाही, आणि सभा संपल्याशिवाय फर्निचरवाला शटर ओढू शकत नाही. तुझी त्याच्याशी ओळख आहे, तूच त्याला समजावून सांग.”

“अगं, चार लोकांत…”

“मधे बोलायचं नाही, साहेब,” मास्तर म्हणाले. आजपर्यंत हे वाक्य साहेबांना कुणी ऐकवलं नव्हतं. त्यांनी वही उघडून बाकावर ठेवली, पेनाचं टोपण काढलं.

वेळ गेला. खाली कुणीतरी गाद्या सरकवत होतं. भुतोबा दुकान उघडायचंय म्हणून उठला आणि कुणीही अडवलं नसताना पुन्हा बसला. मग वरून काठी टेकत ऑपरेटर काका उतरले. काय चाललंय ते त्यांना मास्तरांनी कानात सांगावं लागलं. वहीचं ऐकून त्यांचा चेहरा पडला. “हे मला माहीतच नव्हतं गं,” ते तिला म्हणाले. “वर कोण येतं सांगायला?” आणि त्यांनी पेन घेऊन, मोठ्या वाकड्या अक्षरांत, आधी स्वतःचं नाव लिहिलं. पुढे: ‘मी कापला.’ पेन दादांसमोर धरलं.

दादांनी घेतलं. वाकले. लिहिलं.

“वाचा, मास्तर,” ती म्हणाली.

“‘वेळेअभावी सीन कमी करण्यात आला.’”

“खोड.”

दादांनी तिच्याकडे पाहिलं. लहानपणी ते असं पाहायचे तेव्हा ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. ती बसून राहिली. स्प्रिंग टोचत होती, टोचू दिली.

त्यांनी खोडलं. या वेळी लिहायला बराच वेळ लागला. अक्षर नेहमीसारखं वळणदार नव्हतं. मास्तरांनी न सांगता वाचून दाखवलं:

“‘सीन होता. तीन नवऱ्यांच्या सांगण्यावरून मी तो काढायला लावला. बहिणीने पाहिलेलं खरं होतं, हे मला त्या दिवसापासून माहीत होतं.’ खाली सही.”

दादा पेनाचं टोपण शोधत होते. ते त्यांच्याच दुसऱ्या हातात होतं.

“आणि आईचं?” तिने विचारलं.

दादांनी टोपण लावलं. “आईचं सिनेमाच्या वहीत कशाला,” ते हळू म्हणाले. मग, जिन्याकडे वळून, तिच्याकडे पाठ करून, “म्हणाली असेल. म्हणालीच असेल. मलाही म्हणाली असती, मी असतो तर.” आणि ते पायऱ्या उतरून गेले.

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. एक वाजून गेला होता. “ताई, उठता का आता? झालं ना तुमचं?”

“नाही,” उसवणी म्हणाली. तिने खुर्चीत पाठ सरळ केली. “निवड राहिलीय. तर मी काय म्हणत होते: सगळ्यात भीतिदायक सीन. ती मुलगी मान वर करते. स्वेटरचं वरचं बटण काढते. भुतोबा, नीट ऐक, तुझ्या बायकोने पाहिलेला आहे.”